स्फटिक सपाट का फुटतात?

पनवेलच्या आसपास हिंडताना दगडाची खाण दृष्टीस पडली नाही असे सहसा होत नाही. या भागातील कितीतरी रस्त्यांना आणि इमारतींना लागलेली खडी येथूनच गेली आहे. अलीकडे नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली. तिच्यातूनही हाच काळा दगड निघाला. हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या मागे राहिल्या. पुढे दीर्घ काळ या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिले व त्यात विरघळलेली द्रव्ये हळूहळू तेथे साचून त्यांचे स्फटिक बनले. काळा दगड फोडताना मध्येच पांढरी, चमचमणारी गाठ दिसते ती हीच.

समजा, अशा गाठींतले दोन स्फटिक तुमच्या हाती आले. दोन्ही जवळजवळ रंगहीन आहेत आणि दोघांच्याही बाजू घासून गुळगुळीत केल्यासारख्या सपाट आहेत. खाणीवर विचाराल तर दोघांनाही सरसकट 'गारगोटी' म्हणतील. आता दोन्ही वेगवेगळ्या जाड फडक्यांत गुंडाळा आणि प्रत्येकावर हातोडीचा एकेक बेताचा टोला द्या. फडकी उघडून पाहिल्यावर काय दिसते? पहिल्या स्फटिकाचे तुकडे फुटक्या बाटलीच्या काचेसारखे आहेत. त्यांची पृष्ठे वाकडीतिकडी, शिंपल्यासारखी वळणदार आणि कडा धारदार. मूळच्या सपाट बाजूंशी या तुकड्यांचा काहीही संबंध दिसत नाही. दुसऱ्याचे मात्र नवलच! त्याचा प्रत्येक तुकडा सपाट बाजूंचा आहे. तुकडे लहानमोठे आहेत, पण सर्वांची ठेवण एकच. एका बाजूने कलंडलेल्या पेटीसारखी. त्यांतला एक तुकडा घेऊन पुन्हा फोडा, पुन्हा तशाच पेट्या मिळतील. भिंगाखाली दिसणाऱ्या कणापर्यंत गेलात तरी ठेवण बदलत नाही.

पहिला स्फटिक क्वार्ट्झचा, म्हणजे खऱ्या गारगोटीचा. दुसरा कॅल्साइटचा. खनिजाच्या अशा ठरावीक दिशांना सपाट फुटण्याच्या गुणाला भूविज्ञानात 'पाटन' म्हणतात. वाटेल तसे फुटण्याला 'भंजन' म्हणतात. क्वार्ट्झला पाटन जवळजवळ नाहीच. कॅल्साइटला ते तीन दिशांनी आहे आणि अगदी उत्कृष्ट आहे.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करून ठेवली पाहिजे, कारण पुष्कळ विद्यार्थ्यांचा (आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकांचाही) येथे घोटाळा होतो. स्फटिकाची बाहेरची सपाट बाजू आणि पाटनाचे सपाट पृष्ठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची बाजू स्फटिक वाढताना तयार होते. पाटनाचे पृष्ठ तो फुटताना तयार होते. क्वार्ट्झच्या बाजू इतक्या सुबक असूनही तो वेडावाकडा फुटतो, यावरूनच हा फरक लक्षात यावा. खुद्द काळ्या दगडालाही पाटन नसते. तो एक खनिज नसून अनेक खनिजांच्या बारीक कणांचे मिश्रण आहे आणि प्रत्येक कणाचे तोंड वेगळ्या दिशेला आहे. मग अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे ते उभे, सपाट बाजूंचे प्रचंड खांब कसले, असे कोणी विचारील. ते बेसाल्टचेच आहेत, पण तेथील सपाटी लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या तड्यांची आहे. वाळलेल्या तळ्यातील चिखलाला भेगा पडतात त्यातलाच तो प्रकार. त्याचा स्फटिकाच्या अंतर्रचनेशी संबंध नाही.

आता कॅल्साइटकडे वळू. त्याच्या तुकड्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका फ्रेंच धर्मगुरूला विचारात पाडले होते. त्याचे नाव रने झ्यूस्त आयुई. गोष्ट अशी सांगतात, की एका मित्राकडचा कॅल्साइटचा सुंदर षट्कोनी स्फटिक त्याच्या हातून पडला आणि फुटला. आयुईने तुकडे उचलून पाहिले, तर मूळ स्फटिक सहा बाजूंचा खांब असूनही तुकडे तिरक्या पेटीसारखे! मग त्याने निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइटचे स्फटिक मुद्दाम फोडून पाहिले. काही सुळ्यासारखे टोकदार, तर काही बसके होते. पण आतून प्रत्येक वेळी निघाली ती तीच तिरकी पेटी आणि तिचे कोनही तेच. १७८४ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: स्फटिक हा अतिसूक्ष्म, एकसारख्या विटा रचून बनलेला असतो. विटा तिरक्या असोत की चौरस, त्यांच्या रांगा कमीजास्त करून बाहेरून हवा तो आकार देता येतो. पण फोडू लागलात की तो विटांच्या सांध्यांतूनच फुटणार.

आपल्या महाराष्ट्रातील एका सुप्रसिद्ध खनिजाचे नावही याच आयुईने ठेवले आहे. ते म्हणजे अपोफिलाइट. हे खनिज तापवले की त्याची पाने सुटतात, म्हणून 'पाने सोडणारा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने १८०६ साली हे नाव दिले. पुण्याच्या पाषाण भागातील खाणींत सापडलेले हिरवे अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पनवेलच्या पुढचा भोर घाट चढून जाणारा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. तो बांधताना बोगद्यांतून आणि खोदाईतून निघालेले अशा खनिजांचे झुबके परदेशी संग्रहालयांत जाऊन बसले. अपोफिलाइटला एकाच दिशेने उत्तम पाटन असते. त्यामुळे खाणीत चुकून एक टोला बसला, की सुरेख स्फटिकाचा शेंडा टोपी उडावी तसा उडतो. आपल्याकडचे किती नमुने असे शेंडा गमावून बसले असतील, कोण जाणे!

आयुईची विटांची कल्पना फार आकर्षक होती, पण तिच्यात एक अडचण निघाली. गुजरातेत आंबाडुंगर येथे फ्लुओराइट नावाचे खनिज सापडते. ते फोडले की त्यातून अष्टफलक निघतात, म्हणजे दोन पिरॅमिड बुडाशी जोडल्यासारखे आकार. आता कागदाचे आठ-दहा अष्टफलक करून ते एकमेकांशेजारी रचून पाहा. काही केल्या मध्ये फटी राहतातच. नुसत्या अष्टफलकांनी जागा भरता येत नाही. मग फ्लुओराइटच्या विटा त्या कसल्या? अर्थ असा, की तुकड्याचा आकार म्हणजे विटेचा आकार, ही समजूतच बरोबर नाही. स्फटिकात विटा नसतात. असतात ते अणू, आणि त्यांना धरून ठेवणारे बंध. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे: स्फटिक दुभंगताना कोणत्या प्रतलात सर्वांत कमी बंध तोडावे लागतात?

हा हिशेब कागद-पेन्सिलीने करता येतो. त्यासाठी आपल्या घरातील मीठच घेऊ. मिठात सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे आळीपाळीने बसलेले असतात. मात्र पट सपाट असतो आणि ही मांडणी वर-खालीही तशीच चालू राहते. म्हणून प्रत्येक आयनाला सहा शेजारी मिळतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. लगतच्या दोन आयनांतील अंतराला आपण १ म्हणू.

आता या मांडणीतून तीन प्रकारे सुरी चालवून पाहू. पहिला छेद आडवा, पटाला समांतर. छेदाच्या वरच्या प्रत्येक आयनाचे चार शेजारी त्याच्याच थरात राहतात, एक वर राहतो आणि फक्त खालचा एक दुरावतो. एका आयनाच्या वाट्याला येणारी जागा १ × १, म्हणजे १. तेव्हा एकक क्षेत्रफळामागे तुटणारे बंध झाले १.

दुसरा छेद उभा, पण चौकोनाच्या कर्णावरून. येथे प्रत्येक आयनाचे दोन शेजारी पलीकडे जातात. कर्णावरून जाताना दोन आयनांतील अंतर १ नसून १.४१ असते, म्हणून एका आयनाच्या वाट्याची जागा १.४१. दोनला १.४१ ने भागा. उत्तर आले १.४१.

तिसरा छेद खोबऱ्याच्या वडीचा कोपरा तिरका उडवावा तसा. येथे प्रत्येक आयनाचे तीन शेजारी दुरावतात आणि एकेकाची जागा १.७३ भरते. भागाकार १.७३ येतो. (ही जागा १.७३ कशी, हे वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल. शेजारच्या आयनांना जोडणारे समभुज त्रिकोण काढावेत. त्यांची बाजू १.४१ येते.) शिवाय या तिसऱ्या छेदाच्या एका बाजूला सगळे सोडियमचे आयन आणि दुसऱ्या बाजूला सगळे क्लोरीनचे आयन येतात. एक पृष्ठ धन भारित, दुसरे ऋण भारित. अशी दोन पृष्ठे एकमेकांपासून दूर नेणे आणखीच कठीण.

म्हणजे १, १.४१ आणि १.७३ असे हे तीन भाव आहेत. भेग कोणता रस्ता धरील हे आता सांगायला नको. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे तत्त्व मांडले, की भेग पुढे सरकते म्हणजे नवे पृष्ठ तयार होते, आणि प्रत्येक नव्या पृष्ठाची किंमत ऊर्जेच्या रूपाने मोजावी लागते. मिठात स्वस्त रस्ते घनाच्या बाजूंना समांतर आहेत. असे रस्ते तीन, एकमेकांशी काटकोनात. म्हणून मिठाचे चौकोनी तुकडे पडतात. वाण्याकडून सैंधवाचा खडा आणून फोडून पाहा. पायऱ्यापायऱ्यांच्या, काटकोनी सपाट जागा भिंगाने सहज दिसतील. तुमचा टोला वाकडा बसला तरी चालते. भेग सुरू कोठे होईल हे टोल्यावर अवलंबून असते, पण एकदा सुरू झाली की ती स्वस्त रस्त्याला लागते.

फ्लुओराइटच्या अष्टफलकाचे कोडेही याच किल्लीने उघडते. त्यात कॅल्शियमच्या प्रत्येक थराच्या वर आणि खाली फ्लुओरीनचा एकेक थर असतो. त्यामुळे काही ठिकाणी फ्लुओरीनचा थर फ्लुओरीनच्या थरासमोर येतो. दोघेही ऋण भारित, म्हणजे एकमेकांना ढकलणारे! तेथेच तो दुभंगतो. या दिशा चार आहेत आणि चार दिशांच्या छेदांनी अष्टफलक बनतो.

आता कॅल्साइटची तिरकी पेटी. मिठाचा घन डोळ्यांसमोर आणा. त्याचा एक कोपरा जमिनीवर टेकवा आणि समोरच्या कोपऱ्यावर वरून दाब द्या. घन दबला, बसका झाला आणि त्याच्या बाजूंचे काटकोन मोडून एक कोन सुमारे १०२ अंशांचा व दुसरा ७८ अंशांचा झाला अशी कल्पना करा. हाच कॅल्साइटचा तुकडा. त्यात सोडियमच्या जागी कॅल्शियम असते आणि क्लोरीनच्या जागी कार्बोनेटचा गट असतो, म्हणजे एक कार्बन व त्याभोवती तीन ऑक्सिजन. क्लोरीनचा आयन गोल आहे. कार्बोनेट हा चपटा, त्रिकोणी गट आहे. हे सगळे त्रिकोण एकमेकांना समांतर आडवे बसतात, त्यामुळे मांडणी आडवी पसरते आणि उभी दबते. त्रिकोणाच्या आतला कार्बन-ऑक्सिजन बंध फार बळकट, तो तुटत नाही. तुटतात ते त्रिकोण आणि कॅल्शियम यांच्यामधले बंध. मिठासारखेच तीन स्वस्त रस्ते, फक्त तिरके झालेले.

आणि क्वार्ट्झ? त्यात प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांना आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांना घट्ट बांधलेला असतो. ही विणकाम केलेली जाळी तिन्ही मितींत सारखीच पसरलेली आहे. कोठूनही सुरी घाला, थोड्याफार फरकाने तेवढेच बळकट बंध आड येतात. स्वस्त रस्ता असा नाहीच. म्हणून भेग वाट फुटेल तशी जाते.

पाटनाचा खरा राजा म्हणजे अभ्रक. जुन्या इस्त्रीच्या तारेभोवती अभ्रकाचे पातळ पत्रे असत, मोडीत काढलेल्या इस्त्रीत ते अजून मिळतात. अभ्रकाची रचना समजायला दिवाळीतल्या चिरोट्यासारखे उदाहरण नाही. चिरोटे करताना दोन पोळ्यांच्या मध्ये तुपाचा आणि पिठाचा साटा लावतात, म्हणून तळल्यावर पापुद्रे सुटतात. अभ्रकात 'पोळी' असते ती सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची. आतून ती अतिशय बळकट. दोन पोळ्यांमधला 'साटा' म्हणजे पोटॅशियमच्या आयनांचा विरळ थर. फाटायचे ते साट्यातच. एका पोळीची जाडी साट्यासकट सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सुईच्या टोकाने तुम्ही मिलिमीटरच्या शतांशाइतका पातळ पापुद्रा सोडवलात, तरी त्यात अजून सुमारे १०,००० पोळ्या शिल्लक असतात!

आपल्याकडच्या रसशास्त्रातील वैद्यांची या गुणाशी जुनी ओळख होती. औषधात अभ्रकाचे भस्म वापरतात. त्यासाठी कोणता अभ्रक घ्यावा याची परीक्षा त्यांनी अग्नीवर केली आणि त्याचे चार प्रकार पाडले. तापवल्यावर ज्याचे थर सुटतात तो पिनाक, सापासारखा फुत्कारतो तो नाग, बेडकासारखा टणकन उडतो तो मंडूक आणि ज्याच्यात काहीच फरक पडत नाही तो वज्र. औषधाला वज्र घ्यावा, असे सांगितले आहे. काही अभ्रकांत हवापाण्याच्या परिणामाने थरांच्या मध्ये पाणी शिरलेले असते. तापल्यावर त्याची वाफ होते आणि पाने फाकतात. हे लक्षात घेतले, म्हणजे त्या जुन्या परीक्षेत पाटन कसे दडले आहे ते दिसते.

त्याहून गमतीची आहे पुढची कृती. अभ्रक खलबत्त्यात कुटून पाहा. त्याची पूड होत नाही. लवचिक पाने नुसती एकमेकांवरून घसरतात. म्हणून वैद्य अभ्रक आणि साळी, म्हणजे टरफलासकट तांदूळ, जाड कापडाच्या पुरचुंडीत बांधून कांजीत भिजवतात आणि मग ती हातांनी खूप चोळतात. साळीच्या टरफलात सिलिका असते, त्यामुळे ते खरखरीत असते. त्याच्या कडा पानांमध्ये शिरतात, पाने सुटतात, आणि बारीक झालेला अभ्रक कापडातून बाहेर झिरपतो. याला 'धान्याभ्रक' म्हणतात. आयुर्वेदीय औषधांचे गाव म्हणून पनवेलचे नाव जुने आहे. येथील धूतपापेश्वर हा कारखाना १८७२ सालचा. भस्माच्या औषधी गुणांचा विचार करणे हा या लेखाचा विषय नाही. पण कुटून जे होत नाही ते चोळून होते, हे ज्याने प्रथम ओळखले त्याचे निरीक्षण पक्के होते, एवढे खास.

याच अभ्रकाने पुढे पदार्थविज्ञानात फार मोठे काम केले. १९१२ साली जर्मनीत माक्स फोन लाउए आणि त्याचे सहकारी यांनी क्ष-किरण स्फटिकातून पाठवून फोटोग्राफीच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी मिळवली. केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एल. ब्रॅग हा २२ वर्षांचा तरुण या नक्षीवर विचार करीत होता. त्याला वाटले, की स्फटिकातील अणूंचे थर क्ष-किरणांना आरशासारखे परावर्तित करीत असावेत. मग ज्यात अणूंचे थर हमखास दाट असणार असे पृष्ठ कोणते? सी. टी. आर. विल्सन याने सुचवले: पाटनाचे! ब्रॅगने अभ्रकाचा पातळ पत्रा घेतला, त्यावर क्ष-किरणांचा झोत तिरका सोडला आणि परावर्तित किरणांचा ठिपका त्याला मिळाला. त्या वर्षाच्या डिसेंबरात हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्याने आणि त्याच्या वडिलांनी मीठ, हिरा, कॅल्साइट अशा एकेका स्फटिकातील अणूंची मांडणी उलगडली. आपण वर जो हिशेब केला तो त्यांच्यामुळेच करता आला. आयुईने तुकड्यांवरून जे ताडले, ते आता मोजता येऊ लागले.

हिऱ्याचे नाव निघालेच आहे, तर एका गैरसमजाचा समाचार घेऊ. हिरा हा सर्वांत कठीण, म्हणून तो फुटत नाही, अशी समजूत फार जुनी आहे. प्राचीन रोमन ग्रंथात तर ऐरणीवर ठेवून घण मारला तरी हिरा फुटत नाही, उलट घणच फुटतो, असे लिहिले आहे. या समजुतीपायी किती हिऱ्यांचा चुरा झाला असेल! गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट साफ खोटी ठरवली. हिरा हातोडीने सहज फुटतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडणे. फुटणे न फुटणे ही निराळी गोष्ट. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार बंधांनी बांधलेला असतो. मिठासारखाच हिशेब केला, तर अष्टफलकाच्या बाजूंना समांतर छेदात सर्वांत कमी बंध तुटतात. घनाच्या बाजूला समांतर छेदात त्याच्या १.७३ पट. म्हणून हिऱ्याला अष्टफलकी पाटन आहे आणि कारागीर याच गुणाचा उपयोग करून मोठा हिरा एका टोल्यात दुभंगतात. करवतीने तासन्तास लागतील ते काम एका क्षणात होते. दिशा चुकली तर नुकसानही एका क्षणातच होते.

आता थोडे तुम्ही करण्यासारखे. शाळेच्या पेटीतील पांढरे स्फटिक एकदा तपासून पाहा. पुष्कळदा कॅल्साइटवर 'क्वार्ट्झ' अशी चिठ्ठी लावलेली आढळते. चाकूच्या टोकाने कॅल्साइटवर ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर उठत नाही. कॅल्साइटच्या पुडीवर लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल टाकले की बुडबुडे येतात. स्वच्छ पारदर्शक तुकडा छापील मजकुरावर ठेवला तर अक्षरे दुहेरी दिसतात. तुकड्याच्या बाजूचे कोन कोनमापकाने मोजून वहीत नोंदवा. १०२ आणि ७८ च्या आसपास आले पाहिजेत. फोडून पाहायचे असेल तर फडके आणि डोळ्यांना चष्मा हवाच. नमुन्यांसाठी चालू खाणीत शिरू नका. तेथे सुरुंगाची वेळ पाळली जाते ती काही कारणाने. खाणमालकाला किंवा मुकादमाला विचारले तर फुटकी गाठ बाहेर आणून देतात, असा अनुभव आहे.

नमुना चांगला असेल तर तो मुळीच फोडू नका. फोडल्याशिवायही पाटन ओळखता येते. स्फटिक उन्हात धरून सावकाश फिरवा. त्याच्या तुटक्या भागावर पाटन असेल तर बारीक बारीक पायऱ्या असतात. त्या उंचीने वेगवेगळ्या असल्या तरी एकमेकींना समांतर असतात, म्हणून फिरवता फिरवता एका विशिष्ट स्थितीत सगळ्या एकदम लखकन चमकतात आणि जरा हलवले की एकदम विझतात. क्वार्ट्झच्या तुटक्या भागावर असे कधी होत नाही. अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांच्या एकाच बाजूला मोत्यासारखी झाक दिसते. पृष्ठाखाली पाटनाच्या अनेक बारीक भेगा असतात, त्यांच्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची ती झाक. कधी कधी तर स्फटिकाच्या पोटात इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. ते रंग खनिजाचे नव्हेत. पाटनाची एक भेग आत अर्धवट उघडलेली असते, तिच्यात हवेचा अतिशय पातळ थर असतो, आणि साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तसेच ते या थरामुळे उमटतात. असा नमुना जपून ठेवा. पुढची भेग कोठून जाणार हे त्याने तुम्हांला आधीच दाखवून दिले आहे.